बार्बारा मॅक्लिंटॉक यांच्या संशोधनाला नोबेलपर्यंत खरंच कोणी विचारलं नव्हतं का?

तुम्ही विचारलंय की 1951 साली अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी जनुकं जागा बदलतात असं सांगितलं, लोकांनी थट्टा केली आणि 1983 मध्ये नोबेल मिळेपर्यंत त्यांना कोणी विचारलं नाही, हे कितपत खरं? मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट दरवर्षी कोणीतरी ऐकवतंच. ती निम्मीच खरी आहे.

विचारलं नाही म्हणावं, तर 1944 मध्येच बाई अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेल्या होत्या आणि 1945 मध्ये जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिकाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या. जागा बदलणाऱ्या जनुकांवर तोवर त्यांचं काहीच छापून आलेलं नव्हतं. हा मान मिळाला तो मक्याची गुणसूत्रं, म्हणजे जनुकं ज्यांच्यावर ओळीने असतात ते पेशीतले धागे, मायक्रोस्कोपखाली पाहण्याच्या कामाला.

ते काम किती अवघड, हे प्रॅक्टिकल केलेल्याला कळतं. मक्याचा तुरा पानांच्या पोग्यातून बाहेर यायच्या आत कापायचा, त्यातले परागकोश काढायचे, ॲसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात सुईने फोडायचे, स्लाइड दिव्यावर जेमतेम गरम करायची आणि कव्हरस्लिप अंगठ्याने दाबायची. जरा जास्त दाबलं की सगळा चिखल. आमची मुलं कांद्याच्या मुळाच्या टोकावरच घायकुतीला येतात, आणि कांद्याची गुणसूत्रं तर चांगली ऐसपैस असतात! मॅक्लिंटॉकबाईंनी कॉर्नेल विद्यापीठात मक्याची दहाही गुणसूत्रं एकेक करून ओळखता येतील इतकी स्पष्ट दाखवली. पुढे 1931 मध्ये हॅरिएट क्रायटन या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी नवव्या गुणसूत्राची एक खास जोडी वापरली. तिच्यातल्या एका गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. दाण्याच्या गुणांची अदलाबदल झाली की या खुणांचीही होते, हे त्यांनी दाखवून दिलं. जनुकांची देवाणघेवाण म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची खरीखुरी देवाणघेवाण, याचा हा पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा. एवढंच करून त्या थांबल्या असत्या तरी पाठ्यपुस्तकात राहिल्या असत्या.

जनुकांच्या जागा बदलण्यावरचं काम 1944च्या सुमारास अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या संशोधन केंद्रात सुरू झालं. तुटकी टोकं असलेली गुणसूत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालवताना त्यांना दिसलं की नववं गुणसूत्र एका ठरावीक जागीच तुटतंय. त्या जागी बसलेल्या घटकाला, म्हणजे गुणसूत्राच्या छोट्या तुकड्याला, त्यांनी 'डीएस' म्हटलं. ते तुटायला 'एसी' नावाचा दुसरा घटक हजर असावा लागतो, आणि दोघेही आपली जागा बदलतात. रंगाच्या जनुकात डीएस घुसला की दाणा पांढरा. दाणा भरत असताना एखाद्या पेशीतून तो निघून गेला, की त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या. लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. एसीच्या प्रती वाढल्या की तो उशिरा निघतो, म्हणजे ठिपके आणखी बारीक. नुसत्या कणसाकडे बघून आत काय झालं असेल ते बाई सांगू शकत, त्याचं इंगित हेच.

आता थट्टेचं. मक्यावर काम करणाऱ्यांनी घटक जागा बदलतो हे बऱ्यापैकी लवकर मान्य केलं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रिंक आणि निलन या संशोधकांनी 1952 मध्ये स्वतःच्या मक्यात तेच पाहिलं. पचलं नाही ते पुढचं. बाईंच्या मते हे घटक म्हणजे 'नियंत्रक घटक' होते, वनस्पती वाढताना कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद राहावं हे ठरवणारे. त्यांना मुख्य शोध वाटत होता तो हा; जागा बदलणं हा त्यातला एक भाग. इथे लोक गप्प बसले, आणि पुरावा तेवढा नव्हताही. त्यात त्यांचं लेखन इतकं गच्च की मक्याचं आनुवंशशास्त्र कोळून प्यायलेल्यालाच झेपावं. नियतकालिकांत लिहिणं त्यांनी कमी केलं, पण त्या जिथे नोकरीला होत्या त्या कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालांत त्या लिहीत राहिल्या. 1957 पासून लॅटिन अमेरिकेतल्या मक्याच्या वाणांची गुणसूत्रंही तपासू लागल्या.

नोबेल रखडलं त्याचं मुख्य कारण मला वेगळं वाटतं. हा मक्याचाच काहीतरी विचित्र प्रकार, असा बऱ्याच जणांचा समज होता. 1960च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंमध्ये, नंतर फळमाशीतही असे घटक सापडले, तेव्हा सगळ्यांची नजर पुन्हा कणसांकडे वळली. आज मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे 85 टक्के भाग अशाच घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे असं मानतात. पण नोबेलच्याही आधी त्यांना अमेरिकेचं 1970 सालचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालेलं होतं.

नोबेल मिळालं ते 'फिरत्या जनुकीय घटकांच्या शोधासाठी', कोणाबरोबर न वाटता, वयाच्या 81व्या वर्षी. नियंत्रणाचा त्यात शब्दही नाही. ती कल्पना बाईंनी मांडली त्या रूपात टिकली नाही. हे घटक जागा बदलून वनस्पतीची वाढ घडवतात असं आज कोणी शिकवत नाही. मात्र शेजारच्या जनुकाचं काम ते बदलू शकतात, याची उदाहरणं मक्यातच सापडली आहेत.