डाग कुणाचा, आणि डाग कशाचा

तू या न्यायवैद्यक लॅबमध्ये नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते. डीएनए डाग कुणाचा ते सांगतो; रक्त, लाळ की वीर्य, हे आरएनए वाचून कळतं. प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच जनुकं चालू ठेवते, आणि चालू जनुकाचीच आरएनए प्रत बनते. अशी ओळख पटवणारी जनुकं म्हणजे आपले मार्कर: रक्तात एचबीबी, वीर्यात पीआरएम१, लाळेत एचटीएन३. लाळेसाठी एकट्या स्टॅथेरिनवर विसंबू नकोस, ते नाकाच्या स्रावातही सापडतं. मासिक पाळीचं रक्त की जखमेचं, हा प्रश्न तर एखाद्या बाईची अख्खी साक्ष तोलतो. तिथे एमएमपी१० नक्की बघ.

आपल्या सोलापुरात चादरी फार येतात. जाड सूत, डाग आतपर्यंत मुरलेला. वरवर खरवडू नकोस, डागाचा तुकडा काप आणि त्यातूनच डीएनए, आरएनए दोन्ही काढ. शेजारचा कोरा तुकडाही तुलनेला घे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, त्यात ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधून आला की बुरशी धरते, आरएनए तुटतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायला पोलिसांना पुन्हा पुन्हा सांग. मी अजून सांगते. आणि हातमोजे बदलत जा गं, आपल्या त्वचेवरची एन्झाइमंच आरएनए खातात.

सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे आरएनएची अक्षरं क्रमाने वाचताना, सगळे मार्कर एकाच वेळी वाचता येतात, मिश्र डागात त्याचा खरा उपयोग. मार्कर दिसला नाही, तर ‘स्राव नव्हता’ असं अहवालात कधीच लिहू नकोस. ‘आढळला नाही’ एवढंच लिही.