युद्धात अडकलेल्या साध्या माणसांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था खरंच काही करतात का? की तटस्थ राहून नुसती पत्रकं काढतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. रेड क्रॉस, संयुक्त राष्ट्रं यांच्या मदतीने कुणाचा जीव वाचतो का, हा पहिला. हल्ला करणाऱ्याचं नाव न घेता तटस्थ राहणं हा भित्रेपणा नाही का, हा दुसरा. दुसरा प्रश्न मार्च २०२२ मध्ये मीही विचारला होता, इंदूरला रामबागेत बहिणीच्या घरी, अक्षरशः ओरडून.

मी एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होते. माझी भाची तेव्हा युक्रेनमधल्या सुमी शहरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. सुमी रशियाच्या सरहद्दीजवळ आहे. २४ फेब्रुवारीला युद्ध पेटलं, तेव्हा बाकीच्या शहरांतली मुलं कशीबशी पश्चिमेकडे निघाली, पण सुमीतून बाहेर पडायचे रस्तेच लढाईत सापडले. मार्चच्या सुरुवातीला वीज गेली, नळाचं पाणी गेलं. मुली खालून बादलीत बर्फ भरून आणायच्या आणि वितळवून, ओढणीतून गाळून प्यायच्या. भाची दिवसातून एकदाच फोन लावायची, तोही मिनिटभर, बॅटरी वाचवायला. उरलेला सगळा वेळ बहीण देवघरासमोर बसून असायची.

७ मार्चला निरोप आला की बस लागल्या आहेत. मुलं सामान घेऊन बसमध्ये जाऊन बसली. आम्ही इकडे हुश्श केलं. काही तासांनी भाचीचा फोन आला, "मावशी, उतरवलं गं आम्हाला." एवढंच बोलली. रस्ता सुरक्षित नाही म्हणून सगळ्यांना परत वसतिगृहात पाठवलं होतं. त्या दिवशी माझा तोल गेला. ज्यांनी रस्ता अडवलाय त्यांचं नाव हे मदतसंस्थांवाले लोक का घेत नाहीत, असं मी टीव्हीकडे बघून किंचाळले होते.

दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, बस खरंच सुटल्या. ६९४ भारतीय विद्यार्थी सुमीहून पोल्टाव्याला पोहोचले, तिथून रेल्वेने ल्विवला, मग पोलंड, आणि ११ तारखेला दिल्ली. त्याच दिवशी हजारो युक्रेनियन बाया, मुलं, म्हातारी माणसंही सुमीतून बाहेर पडली.

सातला जे जमलं नाही ते आठला कसं जमलं? बस त्याच होत्या आणि रस्त्यावरचा बर्फही तसाच होता. फरक एवढाच की अमुक वेळ, अमुक रस्ता, तेवढे तास गोळी झाडायची नाही, हे दोन्ही सैन्यांनी मान्य केलं आणि ते खालच्या नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोहोचलं. त्यासाठी आपल्या पंतप्रधानांपासून दूतावासातल्या माणसांपर्यंत सगळे दोन्ही बाजूंशी बोलत होते. मानवतावादी कॉरिडॉर म्हणतात तो हाच. त्याला भिंती नसतात, असतो तो दोन शत्रूंनी एकाच मध्यस्थाला दिलेला शब्द. कुणा एकाने तो शब्द अर्धवट दिला तर काय होतं, तेही त्याच आठवड्यात युक्रेनच्याच मारियुपोल शहरात दिसलं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचं पथक पहाटे निघायला तयार होतं, आणि मग कळलं की दाखवलेल्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले आहेत. तिथल्या अझोवस्ताल पोलाद कारखान्याखालच्या तळघरांतून साध्या माणसांना बाहेर काढायला मे महिना उजाडावा लागला. संयुक्त राष्ट्रं आणि रेड क्रॉस यांनी मिळून ते केलं, तेही दोन्हीकडच्या होकारानंतरच.

आता तटस्थतेचं. हे खरं तर मला आधीच कळायला हवं होतं, कारण मी ते वॉर्डात पाहिलं होतं. एका रात्री कॅज्युअल्टीत दोन गटांच्या मारामारीतली पोरं आली आणि शेजारशेजारच्या खाटांवर पडली. एकाचे नातेवाईक म्हणाले, सिस्टर, आधी आमच्याला बघा, त्याला मरू दे, त्यानेच सुरुवात केली. आमच्या इनचार्ज सिस्टर ड्रेसिंग ट्रॉली ढकलत सरळ त्या दुसऱ्या पोराकडे गेल्या, कारण त्याच्या मांडीतून रक्त उसळत होतं. चूक कुणाची ते त्यांनी विचारलंच नाही. ते ठरवायला पोलीस बाहेर उभे होते. त्या रात्री आम्ही बाजू घेतली असती, तर पुढच्या वेळी त्या मोहल्ल्यात आमची रुग्णवाहिका कुणी शिरू दिली नसती. जगाच्या पातळीवरही हिशोब हाच आहे. ज्याच्या ताब्यात रस्ता आहे, त्याच्याशी बोलायची सोय कुणीतरी राखून ठेवावी लागते.

या कामाची सुरुवातही अशाच एका प्रसंगातून झाली. जून १८५९ मध्ये उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली, हजारो जखमी उघड्यावर पडले. जवळच्या कास्तिल्योने गावच्या बायकांनी कुठल्या सैन्याचा ते न बघता सगळ्यांना पाणी दिलं, जखमा बांधल्या. 'सगळे भाऊच' असं त्या म्हणत. हेन्री ड्युनांट नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी तिथे होता. तो त्यांच्यात राबला, आणि त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉस समिती आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. पण तो होता जखमी सैनिकांसाठी. साध्या नागरिकांचा वेगळा करार व्हायला दुसरं महायुद्ध आणि कोट्यवधी मृत्यू लागले. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार तो. दवाखान्यावर हल्ला नको, ओलीस धरायचं नाही, व्यापलेल्या प्रदेशात अन्न-औषध कमी पडलं तर मदत येऊ द्यायची, हे सगळं त्यात आहे. भारताने त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला.

त्या कायद्यातली एक गोष्ट आपल्याकडे कुणी पाळत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस ही डॉक्टरांची किंवा औषधाच्या दुकानाची खूण नाही. 'यांच्यावर गोळी झाडू नका' एवढाच तिचा अर्थ आहे, आणि परवानगीशिवाय ती वापरणं गुन्हा आहे. इथे इंदूरला छावणी भागापासून राजवाड्यापर्यंत चक्कर मारा, किती गाड्यांवर दिसेल ती बघा. शांततेत ती कुठेही चिकटवायची सवय लागली, की लढाईत तिच्याकडे बघून बंदूक खाली कोण घेणार?

आता अपयशाबद्दल, कारण तुमचा राग तिथूनच आला असणार. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदूझला 'सीमारहित डॉक्टर' (डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स) या मदतसंस्थेच्या इस्पितळावर अमेरिकी विमानाने हल्ला केला. ४२ माणसं गेली. इस्पितळ नेमकं कुठे आहे हे संस्थेने आधीच कळवून ठेवलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मी ड्युटीवर होते. पुढचा राउंड कसा घेतला मला आठवत नाही. सुदानचं उदाहरण तर याहून संथ आणि म्हणून जास्त भयंकर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने शेजारच्या चाड देशाकडून येणाऱ्या आद्रे नाक्यावरून मदत आणायला मनाई केली. ऑगस्टच्या सुरुवातीला दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी नाका उघडला. एका सहीपायी सहा महिने गेले आणि तोवर लेकरं उपाशी राहिली. जिनिव्हा करारांच्या या कायद्याला स्वतःची फौज नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा बहुतेक पैसा देशांच्या मर्जीवर येतो.

म्हणून गप्प राहणाऱ्यांबरोबर बोलणारेही हवेत, असं मला वाटतं. रेड क्रॉस समिती सेनापतीला बंद दाराआड सुनावते. सीमारहित डॉक्टर १९७१ मध्ये वेगळे उभे राहिले, आणि पाहिलेलं जगाला ओरडून सांगणं हेही ते आपलं काम मानतात. एकाने आत शिरायचं, दुसऱ्याने बाहेर बोंब मारायची. एकाच संस्थेकडून दोन्हीची अपेक्षा ठेवली तर दोन्ही कामं बुडतात.

तुमच्या घरचं कुणी अशा ठिकाणी असेल म्हणून तुम्ही विचारत असाल, तर एक काम आजच करा. त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचं बोलणं कधी आणि कुठून झालं, हे कागदावर लिहून ठेवा. माणूस हरवला तर आपल्या इंडियन रेड क्रॉसमार्फत शोधाची विनंती देता येते, आणि ती याच तपशिलांवर चालते. पहिल्या महायुद्धात जिनिव्हाच्या कचेरीत अशी सुमारे ७० लाख कार्डं जमली होती, सगळी हातांनी लावलेली.

सुमीच्या मुलींनीही खोलीवार यादी केली होती, वहीच्या पानावर, मेणबत्तीच्या उजेडात. सातला बसमध्ये चढताना नावांपुढे एकेक बरोबरची खूण झाली होती. आठला त्याच पानावर दुसरी खूण झाली. ते पान भाचीने आणलंय, आणि तिच्या नावापुढे दोन्ही खुणा आहेत.