जिनिंगच्या फाटकासमोरच्या भावफलकावर रोज बदलता येतील असे आकडे आणि अक्षरं कशी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) फाटकासमोर, रस्त्यालगत, कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे किमान-कमाल भाव रोज बदलून लावायचे आहेत. अक्षरं चुंबकाची घ्यावी, खाचेत बसणारी की हुकाला अडकवायची? आणि वावधनात उडून जाऊ नयेत म्हणून काय करावं?

माझं उत्तर खाच. त्या खाचेत आकडे सुटे ठेवा, शब्द मात्र अख्खे ठेवा. सुट्या मराठी अक्षरांच्या नादी लागू नका, का ते पुढे येईलच.

आधी चुंबकाचं बघू, कारण रेडियमच्या दुकानात बहुधा तेच सुचवतात. आजकाल बोर्ड म्हटला की एसीपी शीट. तिच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि मधे प्लास्टिक, म्हणजे चुंबक चिकटणारच नाही. ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचंही तेच. लोखंडी पत्राच लागतो, तोही जाड. छपराच्या पातळ पत्र्यावर पकड ढिली पडते, आणि वर रंगाचे तीन-चार हात दिले तर आणखी, कारण रंगाची जाडी म्हणजे चुंबक आणि लोखंडातलं अंतरच. त्यात आपलं ऊन. हवा ४५-४६ अंश असते तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेला पत्रा सहज ६० च्या वर तापतो. रबरी चुंबकाची शीट त्या तापात मऊ पडते, कोपरे उचलते, आणि कोपऱ्याखाली एकदा वारा शिरला की आकडा वावरात. उलट महिनाभर हलवलाच नाही तर तो रंगाला चिकटून बसतो आणि काढताना रंगाचा पोपडा घेऊन येतो. ऑफिसच्या पडवीत, सावलीत चुंबक बरा. उघड्यावर नाही.

हुकाची तऱ्हा गावच्या क्रिकेटच्या स्कोअरबोर्डसारखी. खिळ्याला अडकवलेली टिनाची पाटी वाऱ्यात डोलते, भोक घासून लांबट होतं आणि रात्रभर खडखड चालते. एका दिवसाच्या सामन्याला ठीक आहे. पेट्रोल पंपावर असतात तसे सात पट्ट्या उलटवून बनणारे आकडे पावसापाण्यात टिकतात, पण त्यात इंग्रजी आकडेच उमटतात. देवनागरी ४ किंवा ९ त्या सात पट्ट्यांत बसत नाही.

आता खाच. ॲल्युमिनियमच्या दुकानात मिळणारे यू चॅनल घेऊ नका. एक इंची चॅनलची आतली रुंदी वीस मिलिमीटरच्या पुढे, आणि पाटी ३ मिमीची. ती आत नुसती हेलकावे खाते. त्यापेक्षा चपट्या पट्ट्यांची खाच कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देतो: मागे पत्रा, त्यावर १२ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड पॅकिंग पट्टी, तिच्यावर ४० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड वरची पट्टी. पॅकिंग मधोमध नको. वरची पट्टी पॅकिंगच्या वर ८ मिमी आणि खाली २० मिमी बाहेर आली पाहिजे. मग एकच पट्टी वरच्या ओळीची तळखाच होते आणि खालच्या ओळीची माथ्याची खाच होते. माथ्याची खाच खोल आणि तळाची उथळ, यातच सगळी गंमत आहे. पाटी आधी वर ढकलायची, तळ आत घ्यायचा आणि खाली सोडायची.

मापं नीट पाळा, नाहीतर पाटी आतच जाणार नाही किंवा गेलेली राहणार नाही. दोन पट्ट्यांमधली उघडी जागा २०० मिमी धरा, पाटीची उंची २१७ मिमी. पूर्ण वर ढकलली की तळाला ३ मिमी मोकळे राहतात, तेवढ्यात ती आत येते. खाली सोडली की ८ मिमी तळखाचेत आणि ९ मिमी माथ्याच्या खाचेत अडकते. उघड्या २०० मिमीत १५० मिमीचा, म्हणजे ६ इंची आकडा बसतो. ६० फुटांवरून तो आरामात वाचता येतो, त्याच्या दुपटीवरूनही ओळखू येतो. चार ओळींना मिळून फलकाची उंची ९७२ मिमी होते: उघड्या जागा ८००, मधल्या तीन पट्ट्या १२०, माथ्याची ३२ मिमीची आणि तळाची २० मिमीची.

माथ्याच्या खाचेत पाटीच्या वर ११ मिमी रिकामे राहतात. तिथेच कुलूप करायचं. १० मिमी रुंद, ३ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी बाजूने त्या फटीत सरकवा. मग पाटी जेमतेम १ मिमी उचलते, आणि निघायला तर ८ मिमी लागतात. वारा काढू शकत नाही, वांदरही काढू शकत नाही. चारही ओळींच्या या कुलूपपट्ट्यांचे टोक बाहेर थोडे लांब ठेवून त्यांना भोकं पाडा, त्यांतून एक उभी सळई घाला, सळईला एक कुलूप. बाजूला सहा फूट मोकळी जागा नसेल तर पट्टीचे दोन तुकडे करून दोन्हीकडून घाला.

पॅकिंग पट्टी सलग लावू नका. २५० मिमीचे तुकडे करा आणि दोन तुकड्यांत २० मिमी मोकळे सोडा. तळखाचेत धूळ साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो, तो वाळला की पाटी सिमेंटमध्ये रोवल्यासारखी बसते. फट असली की पाणी आणि चिखल खाली गळून जातो. तरी पावसाळा संपला की एकदा तार फिरवा, कारण कुंभारीण माशीला ५ मिमीची कोरडी खाच फार आवडते. मातीची घरटी एकापुढे एक करून ती अख्खी ओळ बुजवते. पॅकिंग लोखंडी घेतलं तर कापलेल्या कडांवर गंज फुगतो आणि खाच आतून आवळत जाते. थोडे पैसे जास्त जाऊ द्या, पॅकिंग, पट्ट्या आणि रिव्हेट सगळं ॲल्युमिनियमचं घ्या. रिव्हेट ४.८ मिमीचे, १६ मिमी लांब, दर १५० मिमीवर एक.

मागचा पत्रा १ मिमीचा, रंगीत कोटिंगचा प्लेन घ्या. साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर वर्ष-दीड वर्षात पापुद्रे सुटतात, जस्तावर तो रंग धरत नाही. रंगवायचाच असेल तर आधी जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर. पत्र्यामागे एक इंची चौकोनी पाइपची चौकट, दर दोन फुटांवर उभा पाइप. हा पाइप वाचवायला गेलात तर पत्रा पोट काढतो आणि मधल्या पाट्या अडकतात. मग दोष पाटीला दिला जातो आणि ती कानशीने घासली जाते.

पाट्या ३ मिमी एसीपीच्या करा. सनबोर्ड (फोमचा बोर्ड) दिसायला सारखाच, पण उन्हात वाकतो. ॲक्रिलिक दिसतं छान, पण तापलं की फार वाढतं: मीटरभर लांबीला एका अंशाला साधारण ०.०७ मिमी. पावणेदोन मीटरची ओळ जानेवारीच्या पहाटे १० अंशांत घट्ट बसवली आणि मे महिन्यात पाट्या ६० अंशांवर गेल्या, तर ओळ ६ मिमी लांबते. मागचा पत्रा वाढतो जेमतेम १ मिमी. उरलेल्या ५ मिमीला जागा नसली की मधली पाटी कमान होऊन बाहेर येते किंवा तडकते. एसीपीची वाढ याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तरीही प्रत्येक ओळीत १० ते १५ मिमी ढील ठेवाच.

पारदर्शक ॲक्रिलिकची आणखी एक खोड आहे. त्यावर काळा आकडा चिकटवला आणि पाटी मागची बाजू पुढे करून लागली, की ६ चा दुरून ३ वाटतो. रोज सकाळी घाईत पाट्या लावणाऱ्याकडून हे होणारच. एसीपीचीसुद्धा पाटी डोक्यावर उभी लागली तर ३ आणि ६ ची गल्लत होते, आणि भावात तीनशेचा फरक म्हणजे फाटकावर भांडण. म्हणून प्रत्येक पाटीचा वरचा उजवा कोपरा ५ मिमी तिरका कापा. तो खाचेत झाकला जातो, दिसत नाही, पण हाताला लगेच कळतो.

रेडियम चिकटवण्याआधी पाटी थिनरने पुसा आणि हे काम सकाळी किंवा सावलीत करा. तापलेल्या पाटीवर चिकटवलेलं रेडियम रात्री आखडतं आणि टोकं सोडतं. आकड्याची टोकदार टोकं प्लॉटरवरच (रेडियम कापायच्या यंत्रावरच) किंचित गोल करून घ्या, पापुद्रा सुटतो तो टोकापासूनच. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाटीवर काळा आकडा ठेवा. लाल नको, उन्हात तो सगळ्यांत आधी उडतो.

आकडे किती करायचे? चार ओळी, प्रत्येकीत दोन भाव, म्हणजे चार-चार आकड्यांचे आठ भाव, एकूण ३२ जागा. दहाही आकडे सारखे करणं हा नेहमीचा घोळ. बाजारभाव बहुतेक ० किंवा ५ वर संपतात आणि कापूस, तूर क्विंटलला सात-आठ हजारांच्या आसपास असले की ७ आणि ८ जास्त लागतात. म्हणून ० च्या १८ पाट्या, ५ च्या १२, ७ आणि ८ च्या दहा-दहा, बाकी सहा आकड्यांच्या सहा-सहा करा. झाल्या ८६. वर १० कोऱ्या पाट्या, कारण जागा रिकामी सोडली की शेजारचा आकडा सरकून तिथे येतो. हमीभाव सुट्या आकड्यांत लावू नका. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा कापूस ८११०, मध्यम धाग्याचा ७७१०, सोयाबीन ५३२८, तूर ८०००: हे वर्षातून एकदाच बदलतात, त्यांची अख्खी पाटी करून टाका. तुमचा दर खाली असताना हमीभाव शेजारी लावायचा की नाही, हा प्रश्न पाटीचा नाही, तुमचा आणि कास्तकारांचा आहे.

आकड्याच्या पाटीची रुंदी १२० मिमी ठेवा आणि बाकी प्रत्येक पाटी ६० च्या पटीत कापा: पिकाचं नाव ६००, 'बंद' २४०, 'खरेदी' ३६०, कोरी १२० किंवा ६०. एका ओळीत नाव ६००, कोरी ६०, किमान भाव ४८०, कोरी १२०, कमाल भाव ४८०, म्हणजे १७४० मिमी. सहा फुटी पत्रा १८३० मिमीचा, त्यात दोन्हीकडची अडणी (टोकाची पाटी बाजूने निसटू नये म्हणून लावलेली) आणि ढील धरून नीट बसतं. अडणी माथ्याच्या खाचेपर्यंत नेऊ नका, कुलूपपट्टी तिथूनच आत जाते.

सुटी अक्षरं का नकोत? इंग्रजीत २६ अक्षरं एका रेषेत उभी राहतात. आपल्याकडे 'तूर' लिहायला 'तू' हवा आणि 'र'. 'हरभरा' ला 'र' ही हवा आणि 'रा' ही, 'खरेदी' ला 'रे'. एकट्या 'र' च्या तीन पाट्या झाल्या, अजून 'रु', 'री' आणि रफार बाकीच आहेत. बाराखडी लावून मोजली तर चारशेच्या वर पाट्या होतात, जोडाक्षरं सोडून. मात्रा वेगळ्या करून वर-खाली लावायच्या म्हटल्या तर २०० मिमीतले ५० वेलांटीला, ५० उकाराला जातात आणि मूळ अक्षर १०० मिमीचं उरतं. वेलांटीची कमान शेजारच्या अक्षरावर झुकते, पाटीच्या कडेला ती कापली जाते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शिरोरेषा. दर अक्षराला तुटलेली, एक पाटी २ मिमी खाली बसली तरी ओळ दात पडल्यासारखी दिसते. त्यापेक्षा 'आज', 'उद्या', 'खरेदी', 'चालू', 'बंद', 'सुट्टी', सात वार आणि 'वाजता' एवढ्या अख्ख्या शब्दांत जिनिंगच्या नव्वद टक्के सूचना होतात. तारखेला आणि वेळेला आकडे आहेतच. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी बाजूला खडूने लिहायचा फळा.

खांबांवर कंजुषी करू नका. नागपूरसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, यवतमाळलाही तोच धरून चला. त्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे १२० किलोचा दाब येतो, आणि तुमचा फलक पावणेदोन चौरस मीटरचा. सपाट फलकाचा गुणक लावला की जवळपास २५० किलो. २ इंची, २ मिमी जाड पाइपाचे दोन खांब जमिनीपाशी वाकतील, ३ इंची, ३ मिमी जाड पाइप टिकतो. फलकाची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर ठेवा, म्हणजे वरची ओळ शिडीशिवाय हाताला येते.

काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा म्हणजे खांब वाकडा होण्याचीच तयारी. पावसात माती फुगते, एप्रिलमध्ये भेगा पडतात, आणि दोन खांब सारखे हलत नाहीत. चौकट तिरकी झाली की समांतर खाचा उरत नाहीत: एका टोकाला पाटी जात नाही, दुसऱ्या टोकाला गळून पडते. किमान ४ फूट खोल जा, मुरूम लागला तर त्यात टेका. दीड फूट बाय दीड फुटाचा खड्डा, तळाला अर्धा फूट मुरूम ठोकून, त्यावर काँक्रीट. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच वर आणि चारी बाजूंना उतरता ठेवा, खांबाच्या बुडाशी पाणी थांबायला नको. पाइपाच्या वरच्या तोंडाला झाकण वेल्ड करा. उघडं राहिलं तर आत पाणी भरतं आणि खांब आतून सडतो, बाहेरून रंग चकचकीत असताना.

सुट्या पाट्या ऑफिसात उभ्या खणांच्या लाकडी रॅकमध्ये ठेवा, ० ते ९ असे दहा खण. एकावर एक आडव्या रचल्या तर एसीपीच्या धारदार कडा खालच्या पाटीचं रेडियम खरवडतात. नव्या पाट्यांच्या कडांवरून आधी एकदा बारीक पॉलिश पेपर फिरवा, रोज हाताळणाऱ्याची बोटं वाचतील.