आई बंगळुरात आणि तिचा विणकामाचा ग्रुप पुण्यात, व्हिडिओ कॉलवर जमेल का?

तुम्ही लिहिलंय की आई कायमची तुमच्याकडे बंगळुरूला येतीये, तिचा विणकामाचा ग्रुप मागे पुण्यात राहतोय आणि त्या काळजीने ती आत्तापासूनच गप्प गप्प आहे. लॉकडाऊनमध्ये असे ग्रुप ऑनलाइन चालले होते म्हणतात, ते खरंच चालले की नुसते फोटोपुरते, असा तुमचा प्रश्न.

आमचा चालला. एप्रिल २०२० पासून २०२१ ची दिवाळी होईपर्यंत, दर बुधवारी. मधे दुसऱ्या लाटेत काही बुधवार कोणी फोनच उघडला नाही, ते सोडून. पण पहिले तीन आठवडे इतके वाईट गेले होते की मीच म्हणणार होते, राहू दे बाई हे.

आम्ही अकरा जणी, कर्वेनगरला एकीच्या घरी हॉलमध्ये बसायचो, साडेतीन ते साडेपाच. पुण्यात ९ मार्चला पहिले पेशंट सापडले, ११ च्या बुधवारी तरी सगळ्या आल्या होत्या, १८ ला चौघीच आल्या आणि त्याही चार कोपऱ्यात बसल्या. आमच्यात शेजारणीच्या सुईवरचा टाका बोटाने दाखवून "हा बघ, इथे गळलाय" म्हणायची सवय, त्या दिवशी कोणी हात पुढे केला नाही. मग २२ चा जनता कर्फ्यू आणि पुढचं तुम्हाला माहितीये.

८ एप्रिलला मुलाने झूमची लिंक करून दिली. अकरापैकी सात जणींचे पंखे दिसत होते, दोघींची हनुवटी, आणि चाळीस मिनिटांची फुकट मीटिंग "ऐकू येतंय का गं" मध्येच संपली. पुढच्या वेळी पेशंटचे आकडे, कोणाच्या सोसायटीचं गेट सील झालं, तूरडाळ कुठे मिळते. त्यातच गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नाही म्हणून सांगितलं, तर एकीच्या मिस्टरांनी तिचं ॲपच काढून टाकलं, आमच्या टोपड्यांची डिझाइनं चोरून कोण काय करणार होतं देव जाणे! तिसऱ्या बुधवारी सहाच जणी उरल्या आणि तीन आठवड्यांत कोणी एक ओळ विणली नव्हती.

कारण नंतर डोक्यात शिरलं. हॉलमध्ये एका वेळी तीन गप्पा चालू असतात, एखादी दोन तास काही बोलली नाही तरी ती तिथे असतेच, सुया वाजतायत, चहा येतोय. झूमवर एक जण बोलली की बाकी सगळ्यांना तेच ऐकावं लागतं, दोघी बोलल्या की दोघींचंही तुटतं, मग जिचा आवाज मोठा तिचीच मीटिंग. आणि सगळ्या स्क्रीनकडे बघत बसतात, त्यामुळे हात थांबतात. विणणाऱ्या बाईचे हात थांबले की ती दहा मिनिटांत कंटाळते, हे तुम्हाला आईवरून माहिती असेल.

सुटका झाली ती आमच्यातल्या एका मावशींमुळे. त्यांना फ्रोझन शोल्डर, डॉक्टरांनी विणकाम बंद सांगितलेलं, आणि त्या ग्रुप सोडते म्हणून सांगायलाच आल्या होत्या. कोणीतरी म्हणलं, मावशी मग तुम्ही काहीतरी वाचा, आम्ही विणतो. त्यांच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता. त्या वाचायच्या, आम्ही सगळ्या म्यूट, कॅमेरा चेहऱ्यावर नाही तर हातांवर. बास. गप्प बसायला एक कारण मिळालं हो! पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत माझ्या ऐंशी टाक्यांच्या बारा ओळी झाल्या आणि मीटिंग कट झाली तेव्हा गोष्ट अर्धीच राहिलेली, तर पाच मिनिटांत नवीन लिंकवर सगळ्या हजर, मधल्या वेळात चहा टाकून. मग तोच नियम झाला, एक लिंक वाचनाची, मधे चहा, दुसरी लिंक गप्पांची. पुढे गूगल मीट सगळ्यांना फुकट झालं, त्यात तेव्हा चाळीस मिनिटांची कटकट नव्हती, तरी आम्ही मुद्दाम चाळीसलाच तोडायचो.

दुसरी गोष्ट लोकरीची. तुळशीबाग बंद, रविवार पेठ बंद, ऑनलाइन मागवावं तर रेड झोनमध्ये मे महिन्यापर्यंत फक्त जीवनावश्यक वस्तू, आणि लोकर जीवनावश्यक आहे हे सरकारला कोण पटवणार. मग एकेकीने कपाटातले जुने स्वेटर उसवायला काढले. हे जरा सविस्तर लिहिते कारण आईला लगेच कामाला लावता येईल. हाताने विणलेलाच स्वेटर घ्या, विकतच्या पुष्कळ स्वेटरांच्या कडा कापून शिवलेल्या असतात, तो उसवला की प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो. आधी बाजूच्या शिवणी काढायच्या, मग टाके जिथे बंद केलेत तिथून म्हणजे बहुतेक गळ्याखांद्याकडून सुरुवात करायची, खालच्या बॉर्डरकडून ओढायला गेलात तर पावलोपावली अडकतं. निघेल तसा धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जायचा, लडी झाली की चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून बुडवायची, पिळायची नाही, आणि वाळत घालताना खाली एखादा जड डाव अडकवायचा म्हणजे धाग्याची कुरळी वळणं सरळ होतात. इस्त्री वगैरे फिरवू नका, आपल्याकडे लोकर म्हणून विकलं जातं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, चपटं होऊन बसतं. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरात तीन-चारशे ग्रॅम लोकर सहज निघते, त्यात अख्खा बाळंतविडा होतो.

आता लडीचा गुंडा करायला समोर दोन हात धरून बसणारं माणूस लागतं. एरवी आम्ही एकमेकींना धरायचो. लॉकडाऊनमध्ये घरात कोण, तर रिटायर्ड नवरे. त्यामुळे स्क्रीनवर काकांचे चेहरे कधी दिसले नाहीत, पण प्रत्येकाचे दोन हात मात्र आम्हाला पाठ झाले. ॲप काढून टाकणारे ते मिस्टर, तेही आले शेवटी. फोन हातांवर रोखलेला, त्यामुळे अंगठी आणि मनगटावरचा लाल दोरा एवढंच दिसायचं, आणि एकदा मावशी वाचताना एक पान चुकून सोडून गेल्या तर त्या हातांमधूनच आवाज आला, "अहो, मधलं राहिलं."

शिकवायचं असेल तर फोन समोर ठेवू नका. समोरून बघताना तिचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, मग सुलटचं उलट आणि उलटचं सुलट होतं, मोज्याची टाच शिकवताना तर दोघी रडकुंडीला आल्या होत्या. आम्ही डब्यांच्या दोन चवडी रचून त्यावर पट्टी टाकायचो, पट्टीवर फोन आडवा, स्क्रीन वर, मागचा कॅमेरा खाली बघतोय, आणि शिकवणारी त्याच्याखाली हात घालून विणतीये, म्हणजे बघणारीला ते आपलेच हात वाटतात. लोकर फिकट रंगाची आणि जाड घ्यायची. काळ्या, चॉकलेटी रंगात टाका दिसतच नाही, आणि स्टीलच्या सुया चमकतात, प्लॅस्टिकच्या बऱ्या.

सगळंच जमलं असं नाही. एकीला हैदराबादला नात झाली, बारसं व्हिडिओवर, आम्ही अकरा जणींनी वाटून टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं सगळं केलं, आणि पार्सल पोचेपर्यंत बाळाचं डोकं मोठं झालेलं, टोपडं बसेना. ते आता तिच्या बाहुलीला आहे. शिवाय वाटून विणलं की प्रत्येकीचा हात वेगळा, कोणाचा घट्ट कोणाचा सैल, एकाच मापाचे चौकोन कधी एका मापाचे झाले नाहीत.

आणि हे काही करोनाने शोधलेलं नाही बरं. चेन्नईच्या मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या ग्रुपच्या बायका फेसबुकवरून जमल्या, कुठून कुठून चौकोन विणून पाठवले आणि जानेवारी २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट जोडून गिनेसमध्ये गेल्या. त्यामुळे अंतराची फार धास्ती घेऊ नका.

तुमच्या आईची अडचण मात्र आमच्या लॉकडाऊनपेक्षा अवघड आहे हे खरं सांगते. तेव्हा सगळ्याच स्क्रीनवर होतो, सगळ्या सारख्या. आता दहा जणी हॉलमध्ये आणि एकटी आई फोनवर असणार. आमच्यातल्या एक ताई लॉकडाऊनमध्ये लेकाकडे नागपूरला अडकल्या आणि तिथेच राहिल्या, त्यांना आम्ही पहिले दोन महिने टीव्हीशेजारी टेकवून ठेवायचो आणि चक्क विसरून जायचो. एकदा त्या तासभर नुसत्या बसून होत्या, कोणी त्यांच्याशी बोललंच नाही, मग दोन बुधवार आल्याच नाहीत. तेव्हापासून फोनला गोलात स्वतःची खुर्ची असते, खुर्चीवर डबा, डब्याला टेकून फोन, आणि शेजारी बसेल तिची जबाबदारी की ताईंना विचारायचं, दाखवायचं, चहा आला की तोही दाखवायचा. लोकरही इथूनच कुरिअर करतो, लेबलवरचा लॉट नंबर बघून सगळ्यांना एकाच लॉटची, नाहीतर तोच रंग दोन छटांचा निघतो.

म्हणजे आईच्या ग्रुपमधल्या कोणाशी तरी निघायच्या आधीच बोलून ठेवा, एकीशी, सगळ्यांशी नाही. आमच्याकडे ताईंचा फोन सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या बुधवारी कोणीतरी लोकर घ्यायला वाकलं आणि खुर्ची हलली, तर डब्यावरून आवाज आला, "अगं, मला परत पंखा दिसायला लागलाय!"