‘नाही’ न म्हणणारा रिसेप्शनिस्ट

नोकरीने जीव नकोसा केलाय, तिच्यावर कॉमेडी वेब सिरीज करायची आहे. पण कुणी ओळखलं तर? की आधी नोकरीच सोडू? समुपदेशनात हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. पुढचा अनुभव अशाच एका तरुणाचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फोंड्याचा हा एकोणतीस वर्षांचा मुलगा कळंगुटच्या पट्ट्यातल्या एका रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसात होता. ड्युटी ब्रेक शिफ्टची: सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी सहा ते दहा. मधल्या सात तासांत घरी जाऊन येणं जमत नाही आणि स्टाफच्या खोलीत झोप लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही डोक्यात गेस्टशी भांडण चालूच. आईशी बोलताना आवाज चढायला लागला, तेव्हा तो आला. सोबत दोन कागद होते: आठ भागांची संहिता आणि राजीनामा. “मॅडम, तारीख तेवढी घालायची राहिलीय.”

संहितेची पहिली तीन पानं म्हणजे मॅनेजरची आरडाओरड. वाचताना हसू येत नव्हतं, पोटात गोळा येत होता. घडलेलं शब्दशः उतरवलं होतं, आणि तीच अडचण होती. मॅनेजरला काय हवंय, तो कुणाला घाबरतो, हे कुठेच नव्हतं. रिसेप्शनिस्ट मात्र प्रत्येक प्रसंगात शहाणा, सोशिक, निर्दोष. असं पात्र तक्रार अर्जात शोभतं. विनोदात त्याचं काही काम नसतं.

म्हणून संहिता बाजूला ठेवून त्याला एक साधी वही करायला सांगितली. तीन रकाने: काय घडलं, त्यामागे कुठला नियम होता, आणि आत्ता आठवताना अंगात किती तापतं याचा शून्य ते दहा आकडा. एका नोंदीला पाच ओळींहून जास्त नाहीत. लिहायचं दुपारी तीनपर्यंतच. रात्री दहानंतर वही उघडली की लिहिणं राहतं बाजूला आणि भांडणाची उजळणी सुरू होते. प्रसंग पंधरा दिवस जुना झाला आणि आकडा चारच्या खाली आला, तरच संहितेत घ्यायचा. मित्राला सांगताना आवाज चढत असेल, तर तो प्रसंग अजून कच्चा.

दोन आठवड्यांत एकतीस नोंदी झाल्या. मॅनेजर त्यातल्या फक्त सहांत होता. हे त्यालाच पटेना. त्याने दोनदा मोजलं. बाकीच्या बहुतेक नोंदींत खलनायक होतं गणित. चेकआऊट अकराला, चेकइन दोनला, मधे तीन तास. खोल्या अठरा, हाऊसकीपिंगला माणसं तीन, खोलीला अर्धा तास. कागदावर बरोबर जुळतं. एक गेस्ट साडेअकराला अंघोळीला गेला की दुपारपर्यंत अख्खं रिसॉर्ट कोसळतं, आणि त्याचा जाब द्यायला काऊंटरवर एकटा हा. त्यावर वरून हुकूम: गेस्टला ‘नाही’ म्हणायचं नाही.

हा हुकूमच पहिल्या भागाचा कणा झाला. सकाळी नऊला आलेलं कुटुंब, तयार नसलेली खोली, आणि ‘नाही’ हा शब्द न वापरता पाच मिनिटं काढायची:

“रूम रेडी आहे?”
“रेडी होण्याच्या अगदी बेतात आहे, सर.”
“म्हणजे नाही?”
“म्हणजे वेलकम ड्रिंक, सर.”

कोकम सरबताचा तिसरा ग्लास येतो तेव्हा मागच्या केबिनमधून मॅनेजरचा आवाज येतो. तो मालकाशी फोनवर आहे: “बुकिंग फुल्ल होण्याच्या अगदी बेतात आहे, सर.” ही ओळ त्याला बैठकीतच सुचली. सुचल्यावर तो हसला, मग बराच वेळ गप्प बसला.

नोकरीची भीती अनाठायी नव्हती. नेमणूकपत्र वाचायला लावलं. पाहायच्या तीन गोष्टी: दुसऱ्या कामाला मनाई आहे का, गोपनीयतेचं कलम काय म्हणतं, सोशल मीडियाबद्दल काही नियम आहे का. मनाई असेल तर लेखी परवानगी घ्यायची, तोंडी ‘चलता है’वर विसंबायचं नाही. युनिफॉर्म, लोगो, कामाच्या जागेचे फोटो, गेस्टचं नाव किंवा पासपोर्टवरचा तपशील यातलं काहीही वापरायचं नाही. दोन-तीन खऱ्या माणसांचं मिळून एक पात्र करायचं, गावही बदलायचं. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी लावली म्हणजे सुटलो, असं नसतं; ओळखू येणाऱ्या माणसाची बदनामी झाली तर पाटी वाचवत नाही. (सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी. केंद्रीय नागरी सेवा वर्तन नियम, १९६४ प्रासंगिक कलाकामाला मुभा देतात, पण सरकारवर टीका आणि नियमित धंदा या दोन्हींना आडकाठी आहे.)

आठ भागांचे तीन केले. भाग पाच मिनिटांचा, म्हणजे साधारण पाच पानं. जागा एकच, पात्रं तीन-चार. रस्ता किंवा किनारा दाखवायचा तर एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून परवानगी लागते, म्हणून सगळं काऊंटरवरच घडवलं. काऊंटर म्हणजे मित्राच्या घरातलं जेवणाचं टेबल, पुढे चादर लावलेलं.

चित्रीकरण पावसाळ्यात, ऑफ सीझनला, आणि पहिला दिवस पूर्ण वाया गेला. पत्र्यावरच्या पावसात संवाद ऐकू येईना. ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे सरकत होते: आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो आणि फोन सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवलेला. फ्रेम २५ आणि शटर १/५० सेकंद केल्यावर पट्टे गेले. कॉलरचा माईक टेरिकॉटच्या शर्टावर घासून खरखरत होता. सुती शर्ट घातला, माईकची वायर आतून चिकटपट्टीने बसवली. पंखा आणि फ्रीज बंद करून रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाजही टिपून ठेवला, संकलनात सांधे बुजवायला. दुसऱ्या वेळी स्लॅबच्या घरात गेले.

नट जत्रेच्या नाटकांतले, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारे. फोनच्या कॅमेऱ्यापुढे ते भांडतायत असंच वाटे. ‘पलीकडच्या खोलीत बाळ निजलंय’ असं समजून बोला म्हटल्यावर मीटर खाली आला. भाषाही जशी असते तशीच ठेवली: गेस्टशी हिंदी, स्टाफची आपसात कोंकणी, घरच्या फोनवर मराठी.

राजीनाम्याचा प्रश्न भावनेने सोडवण्यापेक्षा आकड्यांनी सोडवणं सोपं गेलं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला, लांब व्हिडिओंच्या वाटेने, १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं. पाच मिनिटांचा भाग तासाला बारा वेळा. म्हणजे ४८,००० वेळा शेवटपर्यंत पाहिला जायला हवा. तेव्हा फक्त दार उघडतं, घरभाडं निघत नाही. कागद त्याने मुकाट्याने फाईलमध्ये ठेवला.

दुसरीकडे एक अर्ज मात्र केला: आठवड्यातून तीन दिवस तरी सलग शिफ्ट मिळावी. दोन दिवस मिळाले. झोप पाच तासांवरून साडेसहावर आली. ती त्या सलग शिफ्टमुळे, सिरीजमुळे नव्हे. विनोद हा उपचार नाही. दोन आठवडे झोप उडालेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर संहिता राहू द्यावी आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा, किंवा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जावं.

तिन्ही भाग यूट्यूबवर चढले. मॅनेजरने पाहिले की नाही, कळलं नाही. राजीनाम्याबद्दल एवढंच ठरलंय: तो कागद एप्रिलमध्ये, सीझन संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी काढून वाचायचा. रात्री दहाच्या शिफ्टनंतर नाही.