काकू, भाभी आणि उरलेल्या अडतीस जणी

प्रश्न: आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत बायकांचा चाळीस जणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, अ‍ॅडमिन मीच. चौथ्या मजल्यावरच्या काकू बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, त्यांची लेक इस्रायलमध्ये अश्दोदला असते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाभी मुस्लिम. दोघींचं वर्षानुवर्षांचं येणंजाणं, पण गाझाच्या युद्धापासून लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाहीत. ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात. दोघींना समोरासमोर बसवून मिटवू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बसवा, पण लगेच नको. आधी ग्रुप आवरा.

गेल्या पंधरवड्यातले फॉरवर्ड वर सरकवून बघा. काकू आणि भाभींचे किती निघतात? आमचा अंदाज, दोन-चार. बाकीचे सगळे, जिचं तिथं कुणीच नाही तिचे. युद्ध तिकडचं, उट्टं मात्र इथलं काढायचं, असा हा प्रकार आहे. दोन दिवस ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवतील’ हे सेटिंग लावा. भडक व्हिडिओ तुम्ही स्वतः सगळ्यांसाठी डिलीट करू शकता, आणि टाकणारीला वेगळा फोन करा. ग्रुपवर नाव घेऊन झापलंत तर तिच्या बाजूने पाच जणी उभ्या राहतील. दुसऱ्याच्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. तरी चौकशीला पोलीस पहिला फोन तुम्हालाच करतील.

मग दोघींना वेगवेगळं भेटा. काकूंना नेतान्याहूंबद्दल विचारू नका, लेकीबद्दल विचारा. इस्रायलचं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. तिकडे सायरन वाजला की माणसं सुरक्षित खोलीत जातात, कधीकधी फोन लागत नाही, आणि तेवढा वेळ काकू इथं एकट्या काढतात. तेव्हा जाऊन नुसतं बसलात तरी पुरे.

भाभींकडे ‘आधी हमासचा निषेध कर’ असा दाखला मागू नका. ‘तुझं कोण आहे तिथं?’ हेही नको. मध्यस्थ इथंच घसरतो: काकूंचं दुःख रक्ताचं आणि भाभींचं ऐकीव, असं मनात धरतो, आणि भाभींना ते चेहऱ्यावर दिसतं. ढिगाऱ्यातून काढलेली मुलं रोज बघणाऱ्या बाईला झोप लागत नाही, त्याला नातं लागत नाही.

दोघी हो म्हणाल्या तरच एकत्र बसा, तुमच्या घरी, रविवारी सकाळी. शुक्रवारी दुपारी जुम्मा, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. रमजान असेल तर इफ्तारनंतर. माणसं चारच: त्या दोघी, तुम्ही आणि दोघींचा विश्वास असलेली एक. तासाभरात उठायचं. खायला फळं आणि चिवडा, म्हणजे कोशर-हलालचा, दोघींच्या धर्मातल्या खाण्याच्या नियमांचा, प्रश्न फारसा उरत नाही; जेली मात्र नको, तिच्यात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकतं. काकूंना ‘मलिदा (बेने इस्रायलींचा पोह्यांचा नैवेद्य) करून आणा ना’ म्हणू नका. त्या पाहुण्या आहेत, प्रदर्शनाला आलेल्या नाहीत.

प्रत्येकीने पाच मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही: स्वतःला कशाची भीती वाटते, एवढंच. नंतर दुसरीने एक प्रश्न विचारायचा, प्रत्युत्तर द्यायचं नाही. आकडे बाहेर ठेवा. 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली गेली, त्यानंतर गाझात हजारोंनी; दोन्ही खरं आहे, पण एकमेकांसमोर मांडलं की तराजू होतो आणि बोलणं तिथंच थांबतं. दोषी कोण हे तुमच्या हॉलमध्ये ठरायचं नाही. संयुक्त निवेदनही नको, एका शब्दावरून पुन्हा बिनसेल. आणि फोटो अजिबात नको. एकतेचा सेल्फी ग्रुपवर पडला की दोघींना आपापल्या घरी उत्तरं द्यावी लागतील.

उत्साहात ‘सगळ्या मिळून सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) जाऊ’ असं कुणीतरी सुचवेल. 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून ज्यूंच्या ठिकाणी पहारा असतो, अचानक जाता येत नाही. काकूंनीच बोलावलं तर आधी नावं कळवून, ओळखपत्र घेऊन जा. तसं ज्यू-मुस्लिम शेजार ही इकडे नवलाई नाही: भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत, ज्यूंनी काढलेल्या, बहुतेक मुलं मुस्लिम आहेत.

भाभी नाही म्हणाल्या तर महिनाभर विषय काढू नका. दोघींनाही हळदीकुंकवाचं, पाण्याच्या मीटिंगचं आमंत्रण पूर्वीसारखंच, एकाच दिवशी द्या. आणि ग्रुपचं सेटिंग उघडाल तेव्हा त्या अडतीस जणींवर लक्ष असू द्या.