कर्णबधिर मुलांच्या शाळेत बऱ्याच वर्षांनी गेलं तर मुलं जुन्या बाईंना ओळखतात का?

ओळखतात. पण कोणत्या खुणेनं ओळखतात ते कळलं, तेव्हा मला जरा टेकावं लागलं.

अशा एका निवासी शाळेत मी २१ वर्षं शिकवलं. आमच्या काळी सगळा भर बोलायला शिकवण्यावर. मोठा आरसा, त्यापुढे मूल आणि मी. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. ‘प’ नीट निघाला की ती हलते, ‘ब’ला तेवढी नाही. ‘म’साठी मुलाचं बोट माझ्या नाकावर. कारण नुसत्या ओठांवर पापा, बाबा, मामा सारखेच दिसतात. (आवाज न काढता आरशात म्हणून बघा.) एकेका अक्षराला महिना जायचा.

आणि खुणांना बंदी. हात चालले की जीभ आळसावते, हे आम्हाला शिकवलेलं. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८०च्या मिलान परिषदेनं बोलण्याचीच पद्धत श्रेष्ठ ठरवली होती. २०१०मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. आमच्या शाळेत मिलान पोचलं होतं, व्हँकुव्हर नाही. हात हलले की मी मनगटावर चापट मारायचे. रात्री वसतिगृहात मात्र दिवे जाईपर्यंत हात चालायचे. आम्ही दिसलं नाही असं दाखवायचो.

गेल्या वर्षी गेले, तर वर्गातल्या बाई स्वतःच खुणांनी शिकवत होत्या. शब्द अडला की मोबाइलवर भारतीय सांकेतिक भाषेचा कोश. १०,००० शब्द आहेत म्हणे त्यात.

माझी एक विद्यार्थिनी आता तिथेच शिवण शिकवते. पाया पडली. एका चिमुरड्यानं तिला विचारलं, या कोण? तिनं कपाळावर मोठं कुंकू काढून दाखवलं. ही माझी खूण, मला माहीत होती. पोराला कळेना. मग तिनं माझ्याकडे चोरून बघत आपल्याच मनगटावर हलकी चापट मारली. पोराचे डोळे मोठे झाले. अच्छा, त्या! वसतिगृहात गोष्टी अशा पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात.

मी कान पकडले. सगळा वर्ग हसला.

मग तो पोरगा माझ्यापुढे येऊन भराभर हात हलवत काहीतरी विचारू लागला. मला ओ की ठो कळेना. शेवटी तिनंच खडू घेऊन फळ्यावर लिहिलं : ‘बाई, तो विचारतोय, पिशवीत काय आहे?’

पेढे होते.